घराण्याचा इतिहास : एका शेऱ्याची हकीकत

‘आमचे पूर्वज अरबस्तानातून आले.’ कोकणातील मुसलमानांच्या कोणत्याही घरी जा, ओटीवर बसून घराण्याचा विषय काढा. पहिले वाक्य बहुधा हेच ऐकू येईल. दुसरे वाक्य हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाचे असते. त्याच्या भीतीने काही अरब कुटुंबे गलबतांत बसली आणि आपल्या किनाऱ्याला लागली, अशी ती कथा. यानंतर मात्र गोष्ट एकदम आजोबांवर येते. हज्जाज इ. स. ७१४ मध्ये मरण पावला आणि आपले आजोबा विसाव्या शतकात जन्मले. मधली बाराशे वर्षे कोठे गेली, हे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही.

आपल्या घराण्याचा इतिहास शोधू पाहणाऱ्यांची पहिली अडचण हीच आहे. दूरचे थोडे ठाऊक असते, जवळचे थोडे ठाऊक असते, पण मधला पूल नसतो. हा पूल केवळ नावांच्या यादीने बांधता येत नाही. शजऱ्यात सात पिढ्यांची नावे असली, तरी ती माणसे कशासाठी जगली, गाव सोडून का गेली, परत का आली किंवा का आली नाहीत, हे नावांवरून कळत नाही. त्यासाठी त्या त्या काळाचा इतिहास शेजारी ठेवून घरातली गोष्ट वाचावी लागते. अशा वाचनाने काय साधते, हे मी माझ्याच घरातील एका उदाहरणाने सांगणार आहे. पण त्याआधी अरबस्तानच्या कथेचे काय करावे, ते पाहू.

पार्श्वभूमी आणि पुरावा

ही कथा सर्वस्वी कपोलकल्पित आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. प्रसिद्ध अरब प्रवासी अल्-मसऊदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास आपल्या चौल बंदरात आला होता. अरब लेखक चौलला ‘सैमूर’ म्हणत. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहात असल्याचे त्याने नमूद केले आहे. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले लोक त्यांत होते, तसेच येथेच जन्मलेलेही होते. त्यांच्या प्रमुखाला ‘हुनरमन’ म्हणत व त्याची नेमणूक राजाकडून होत असे. तो काळ राष्ट्रकूटांचा होता. त्यानंतर दहाच वर्षांनी कोरलेला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा एक ताम्रपट पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडला आहे. संजाण प्रांताचा कारभार राष्ट्रकूट राजाच्या वतीने मुहम्मद नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब वंशाचा अधिकारी पाहात होता, असे त्यावरून दिसते. ताम्रपटात त्याच्या नावाचे ‘मधुमती’ असे संस्कृत रूप झाले आहे, आणि त्याच्या संमतीने दिलेले दान एका देवीच्या मठासाठी आहे! आपल्या किनाऱ्यावरील सहजीवनाचा हा एक हजार वर्षांपूर्वीचा दाखला प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावयास हवा.

तथापि एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. चौलला दहा हजार मुसलमान होते, एवढ्यावरून आपला पूर्वज त्यांच्यापैकीच एक होता, असे सिद्ध होत नाही. इतिहासाची पार्श्वभूमी ‘असे घडणे शक्य होते’ एवढेच सांगते. ‘आपल्याच घरात असे घडले’ हे सांगण्यासाठी घराचा स्वतःचा कागद, वस्तू किंवा विश्वसनीय आठवण लागते. पार्श्वभूमी म्हणजे शेत आणि पुरावा म्हणजे बी. नुसत्या बियाने पीक येत नाही, तसेच नुसत्या शेतानेही येत नाही. हा फरक विसरल्यामुळेच अनेक घराण्यांचे इतिहास बादशहांच्या दरबारात सुरू होतात आणि तेथेच संपतात.

शिवाय आपले पूर्वज केवळ बाहेरून आलेलेच होते, असे मानण्याचीही गरज नाही. येथल्या मुलींशी निकाह झाले, येथल्या लोकांनी धर्म स्वीकारला, येथलीच भाषा घरात नांदली. आपल्या आडनावांतील ‘कर’ हा प्रत्यय गावाची ओळख सांगतो. काझी, खतीब, मुकादम, सरखोत, नाखुदा ही आडनावे हुद्द्यांची आणि व्यवसायांची आहेत. आडनाव हा घराण्याचा पहिला दस्तऐवज आहे. तो अरबस्तानकडे बोट दाखवीत नसून कोकणातील एखाद्या वाडीकडे, वतनाकडे वा बंदराकडे दाखवितो. शोध तेथूनच सुरू करावा.

माझ्या पणजोबांचा ‘अपराध’

आता माझ्या घरातील हकीकत. आमचे गाव सावित्री नदीच्या खाडीकाठचे. आमच्या घरात पणजोबांचे नाव मोठ्याने घेतले जात नसे. ऐकिवात होते ते एवढेच : ते ‘लढाईच्या वेळी’ आफ्रिकेला गेले, बऱ्याच वर्षांनी एकदा आले, निकाह केला, आणि मूल पोटात असताना बायकोला टाकून परत गेले. तेथे त्यांनी दुसरे घर केले व इकडची वाट विसरले. मुलाचे तोंडही पाहिले नाही. तो मुलगा म्हणजे माझे आजोबा. शाळेत असताना त्यांना कोणी चिडविले की एकच शब्द वापरीत : ‘परागंद्याचा पोर’.

या शब्दाचे मूळ मला पुढे सापडले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर जमिनीच्या एका किरकोळ कामासाठी तहसील कचेरीतून जुन्या फेरफाराची नक्कल काढली. नोंद १९२६ सालची, मोडी लिपीतली. एका वृद्ध मोडी जाणकारांनी ती मला वाचून दाखविली. पणजोबांच्या नावापुढे शेरा होता की इसम परागंदा आहे, ठावठिकाणा नाही, वहिवाट धाकट्या भावाची आहे. त्या शेऱ्याने पणजोबांचे नाव जमिनीवरून गेले व धाकट्या भावाचे लागले. गावात जे बोलले जात होते, त्यावर सरकारी शाई चढली होती.

माझे वडील १९३८ सालचे. त्यांनी आपल्या दादीला, म्हणजे माझ्या पणजीला, चांगले पाहिले होते. ती १९५० नंतरही काही वर्षे हयात होती. वडील सांगत की दादीने अखेरपर्यंत हातातल्या बांगड्या उतरविल्या नाहीत. नवऱ्याच्या मौतीची खबर कोणी आणली नाही, म्हणून तिने इद्दत पाळली नाही. आणि तो येईल अशी आशा कोणी दिली नाही, म्हणून ती कोणाजवळ त्याच्याविषयी बोललीही नाही. चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा नसेल तर मुसलमान स्त्रीला निकाह मोडून मागता येतो, असा कायदा १९३९ साली झाला. तोवर पणजी पन्नाशीला पोचली होती.

मला वाटले, ही गोष्ट इतकीच असेल तर तिचा निकाल लागला आहे. पण मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविला. मुलांना मी सांगत असे की कोणत्याही घटनेवर मत देण्यापूर्वी तिच्या आसपासची वर्षे पाहा. हा धडा स्वतःच्या घराला कधी लावला नव्हता. तो लावावयाचे मी ठरविले.

कोणती लढाई?

पहिला प्रश्न, पणजोबा गेले ती ‘लढाई’ कोणती? घरात सर्वांची समजूत ‘जर्मनची लढाई’, म्हणजे १९१४ ते १९१८ चे पहिले महायुद्ध अशी होती. पण आजोबांचा जन्म त्याच्या आधीचा. शाळेच्या रजिस्टरात आजोबांची जन्मतारीख १ जून १९१० आहे. आता ‘१ जून’ या तारखेचे रहस्य वाचकांना ठाऊक आहेच. नाव घालावयास आलेल्या प्रत्येक मुलाला गुरुजी ती मोफत देत असत! पण वर्ष बरोबर निघाले. कारण पणजी सांगे की शेपटीचा तारा दिसला, तेव्हा मूल चार महिन्यांचे होते. हॅलेचा धूमकेतू दिसला तो मे १९१० मध्ये. म्हणजे आजोबांचा जन्म १९१० च्या आरंभीचा, आणि पणजोबा परत गेले ते १९०९ मध्ये. मग पहिल्यांदा गेले ते त्याही आधी. आफ्रिकेतील त्याआधीची मोठी लढाई म्हणजे इंग्रज आणि बोअर लोकांची, १८९९ ते १९०२ ची. ‘लढाई’ हा शब्द खरा होता, आम्ही तिचे नाव चुकीचे घेतले होते.

ही चूक सुधारताच पुढचे कोडे उलगडू लागले. पणजोबा तरुणपणी मुंबईत मांडवी भागात मजुरी करीत, असे घरात सांगतात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकटला तो मांडवीतच. पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गावाकडे पळाले. कोकणातील बोटी भरभरून परतल्या. गावात शेती तुटपुंजी, त्यातून खोतीचा जाच, मुंबईत रोग. अशा वेळी दर्यावर्दी गावांतील तरुणांनी आणखी दूरची वाट धरली यात नवल नाही. आपल्याकडील कितीतरी माणसे त्या काळात केपटाऊनला गेली. कोणी फळभाजीची हातगाडी फिरविली, कोणी लहान दुकान टाकले. आजही तेथे कोकणी मुसलमानांची वस्ती असून गावागावांच्या नावाने त्यांच्या जमाती चालत आल्या आहेत.

तेव्हा जाणे सोपे होते. पुढे मात्र दार लोटले गेले. केप वसाहतीने १९०२ मध्ये कायदा केला की ज्याला युरोपियन भाषेत अर्ज लिहिता येत नाही, त्याला प्रवेश नाही. मराठी, उर्दू, गुजराती कितीही चांगली येत असली तरी तिची किंमत शून्य! पुढे १९०६ च्या कायद्याने आणखी एक अट आली. तेथे राहणाऱ्या आशियाई माणसाला मायदेशी जाऊन परत यावयाचे असेल, तर त्याने आधी परवाना काढावा. परवान्यावर त्याचा फोटो व बोटांचे ठसे असत आणि परतण्याची मुदत लिहिलेली असे. मुदत टळली, तर तेथे राहण्याचा हक्क गेला.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. ‘मूल पोटात असताना टाकून गेला’ या वाक्याचा एक वेगळाच अर्थ डोळ्यांसमोर आला होता. पण तो अर्थ अजून शक्यता होता, पुरावा नव्हता.

दोन पाकिटे आणि एक परवाना

पुरावा घरातच होता. पणजीची पत्र्याची ट्रंक आमच्या माळ्यावर पडून होती. तीत जुन्या कपड्यांखाली दोन रिकामी पाकिटे निघाली. आतली पत्रे नव्हती. पोस्टाचे शिक्केही पुसट झाले होते. पण तिकिटे शाबूत होती. त्यांवर राजाचे चित्र आणि ‘युनियन ऑफ साऊथ आफ्रिका’ ही अक्षरे होती. आता दक्षिण आफ्रिकेचे युनियन स्थापन झाले ३१ मे १९१० रोजी आणि राजाच्या चित्राची त्याची नेहमीच्या वापराची तिकिटे निघाली १९१३ मध्ये. म्हणजे ही पत्रे १९१३ मध्ये किंवा त्यानंतर आली होती. गेल्या दिवसापासून वाट विसरलेला माणूस चार वर्षांनी बायकोला पत्र कशाला पाठवील?

मग आमच्या मोहल्ल्यातील एका कुटुंबाच्या केपटाऊनमधील नातलगांना लिहिले. त्यांच्यातील एका तरुणाने तेथील सरकारी दप्तरखान्यात फेऱ्या घातल्या. वर्षभराने दोन कागदांच्या नकला आल्या. पहिला कागद १९०८ सालचा परतीचा परवाना. त्यावर पणजोबांचा फोटो. आमच्या घरातील कोणीही त्यांचा चेहरा तोवर पाहिला नव्हता; तो हुबेहूब माझ्या धाकट्या भावाचा निघाला. खाली अंगठ्याचा ठसा, आणि परतीची मुदत ऑगस्ट १९०९.

पावसाळ्यात कोकणच्या बंदरांतील बोटी बंद होतात, हे आपल्या मागच्या पिढीला सांगावे लागत नसे. मे अखेरीस शेवटची बोट गेली की भाद्रपदाच्या सुमारास वाहतूक पुन्हा सुरू होई. ऑगस्टात केपटाऊनला हजर व्हावयाचे, तर मुंबई गाठण्यासाठी मे महिन्यातच बाणकोटहून निघणे भाग होते. पणजी म्हणे, ‘आंब्याच्या दिवसांत गेला.’ आम्हाला वाटे ती आंब्याची आठवण काढते आहे. ती तारीख सांगत होती.

मग बायकोला नेले का नाही? याचेही उत्तर काही अंशी इतिहासात आहे. १४ मार्च १९१३ रोजी केपच्या न्यायालयातील न्यायमूर्ती सर्ल यांनी असा निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांना मुभा आहे, त्या धर्माच्या रीतीने लागलेला विवाह तेथील कायद्याला मान्य नाही. हिंदू आणि मुसलमान, दोघांच्याही बायका एका निकालाने कायद्यापुढे परक्या ठरल्या. या निकालाने दक्षिण आफ्रिकेतील भारतीय स्त्रिया पेटून उठल्या व त्याच वर्षी महात्मा गांधींच्या सत्याग्रहात सामील होऊन तुरुंगात गेल्या. आपण शाळेत हा सत्याग्रह पाठ करतो. सावित्रीच्या खाडीवर पाणी भरणाऱ्या माझ्या पणजीचा निकाहदेखील त्या लढ्यातला एक मुद्दा होता, हे मला साठी उलटल्यावर कळले! सत्याग्रहाला यश येऊन १९१४ च्या कायद्याने एका पत्नीचा हक्क मान्य झाला. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. कायद्याने दार उघडले आणि समुद्राने वाट रोखली.

दोन्ही किनाऱ्यांवरचा ऑक्टोबर

दुसरा कागद मृत्यूच्या नोंदीचा होता. पणजोबा वारले ऑक्टोबर १९१८ मध्ये. वय सुमारे चाळीस, धंदा फळविक्रीचा. त्या महिन्याचा अर्थ इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. ती इन्फ्ल्युएंझाची साथ. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रीटाऊन बंदरावरून आलेल्या सैनिकी बोटींबरोबर ती केपटाऊनला पोचली आणि ऑक्टोबरात तिने ते शहर उजाड केले. दक्षिण आफ्रिकेत एकंदर तीन लाखांच्या आसपास माणसे तिने नेली.

आणि त्याच महिन्यात ती आपल्याकडेही होती. मुंबईत ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. हिंदुस्थानात या साथीने सव्वा कोट ते दोन कोट माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्या वर्षी पाऊसही रुसला होता; धान्य महाग आणि अंगात ताकद नाही. मी आमच्या गावची १९१८ सालची जन्ममृत्यूची नोंदवही शोधून पाहिली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरच्या पानांवर एकाखाली एक ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’ असेच लिहिले आहे. त्यांत एक नाव मोहल्ल्यातील मौलवीसाहेबांचे होते. पणजीला लिहितावाचता येत नसे. तिची पत्रे वाचून दाखविणारे व उत्तरे लिहून देणारे तेच होते, असे वडील सांगत. समुद्रापलीकडे पत्र लिहिणारा गेला आणि अलीकडे पत्र वाचणारा गेला. मौतीची खबर निघाली असेलच, तर ती अशा घरी आली, जेथे ती वाचावयास कोणी उरले नव्हते.

त्या मृत्युनोंदीवर पत्नीच्या नावाचा रकाना आहे. त्यात माझ्या पणजीचे नाव आहे, आणि पुढे ‘हिंदुस्थानात’ असे लिहिले आहे. मुलांच्या रकान्यात माझ्या आजोबांचे नाव आहे. ज्या मुलाचे तोंड पाहिले नाही, त्याचे नाव त्यांना ठाऊक होते, आणि शेवटच्या आजारात भोवती असलेल्या गाववाल्यांनाही ठाऊक होते. दुसऱ्या पत्नीचे नाव तेथे नाही.

याचा अर्थ पणजोबा फरिश्ता होते, असा मी काढीत नाही. एका सरकारी कागदावर माणसाचे सारे आयुष्य मावत नाही. १९०९ मध्ये ते गावातच राहू शकले असते. त्यांनी जाणे पसंत केले, आणि त्याची किंमत पणजीने भरली. एवढेच सिद्ध झाले की ते परागंदा नव्हते. त्यांना ठावठिकाणा होता, पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर राहून त्यांनी आमचे नाव सांगितले होते.

हे कागद घेऊन मी धाकट्या पणजोबांच्या घरी गेलो. त्यांचे नातू, माझ्या वडिलांच्या नात्यातले चाचा, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. जमिनीचा विषय मी काढला नाही. ती कूळकायद्यात केव्हाच गेली होती. चाचांनी फोटो हातात घेतला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला व म्हणाले, ‘आमच्या घरात पण हेच सांगत आले रे. कोणी विचारलंच नाही.’ त्या जुम्म्याला नमाजनंतर दोन्ही घरांची माणसे एकत्र बसली आणि पणजोबांच्या नावाने फातेहा झाला. एकशे पाच वर्षांनी. माझे वडील हे पाहावयास राहिले नाहीत, आणि आजोबा तर नाहीतच. शोध लवकर का घ्यावा, याचे दुसरे कारण मला सांगता येत नाही.

आपण काय करावे?

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एखादी अर्धवट हकीकत असेल. तिचा माग घेण्यासाठी मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. माझ्या अनुभवावरून काही सूचना करतो.

प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारा, आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. ‘आंब्याच्या दिवसांत’, ‘शेपटीचा तारा’ असे शब्द सुधारू नका. तेच तारखा देतात. आपल्या भागातील माणसे काळ मोजतात तो घटनांनी. प्लेग १८९६ चा, साथीचा ताप १९१८ चा, मुंबई गोदीतील स्फोट १४ एप्रिल १९४४ चा, रेवसकडे जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ रोजी, जंजिरा संस्थान विलीन झाले १९४८ मध्ये, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक आठवण तिच्याशी ताडून पाहा.

दुसरे, गावचे दप्तर. सातबारा आपण कर्जासाठी काढतो. त्याच्या मागचे फेरफार वाचीत नाही. कोण वारले, वारस कोण, कोणी कोणाला विकले, हे सारे फेरफारात असते. जन्ममृत्यूच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये असतात. जुन्या नोंदी मोडीत आहेत, आणि ती वाचणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत. आपल्या मुलामुलींनी मोडी शिकली तर समाजाचीच नव्हे, साऱ्या गावाची सेवा होईल. बऱ्याच जिल्ह्यांतील जुने अभिलेख आता संगणकावरही पाहावयास मिळतात. त्याशिवाय शाळेचे रजिस्टर, काझींचे निकाहाचे दप्तर आणि जमातीच्या जमाखर्चाच्या वह्या आहेतच. हिजरी तारीख आढळली तर ती इसवी सनात बदलून दोन्ही लिहा.

तिसरे, ज्यांच्या घरी बोटीवरचे खलाशी, टंडेल वा सारंग होऊन गेले, त्यांनी त्यांच्या नोकरीच्या नोंदीचे पुस्तक जपून ठेवावे. दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या बोटींवर आपले असंख्य लोक होते. पहिल्या युद्धात समुद्रात नाहीसे झालेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळील इंडियन सेलर्स होममध्ये आहे. राष्ट्रकुल युद्धकबरी आयोगाच्या नोंदीत बोटीचे नाव, आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही मिळते.

चौथे, जिल्ह्याचे गॅझेटियर वाचा. मुंबई इलाख्याच्या जुन्या मालिकेतील रत्नागिरीचा खंड १८८० चा आणि कुलाबा-जंजिऱ्याचा १८८३ चा आहे. त्या काळची बंदरे, भाव, पिके, धंदे, रस्ते त्यांत सापडतात. मात्र ती पुस्तके सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिली आहेत, हे विसरू नये. एखाद्या समाजाविषयी त्यांनी मारलेला शेरा हा शेवटी शेराच असतो, आणि शेऱ्यावर किती विसंबावे, हे वर सांगितलेच आहे.

शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाचे. आपल्या शजऱ्यांत बायकांची नावे नसतात. आमच्याही नव्हती. अमुकाचा मुलगा तमुक, अशी सात पिढ्यांची ओळ होती आणि जिने चाळीस वर्षे वाट पाहून घर उभे ठेवले, तिला त्यात जागा नव्हती. तिचे नाव आम्हाला मिळाले ते समुद्रापलीकडच्या एका परक्या सरकारच्या कागदावर! आम्ही आता नवा शजरा लिहिला आहे. त्यात तिचे नाव तिच्या नवऱ्याच्या नावाशेजारी, त्याच अक्षरांत, त्याच आकारात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, येत्या सुट्टीत एक वही घ्या आणि घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ जाऊन बसा. कदाचित राजेरजवाडे सापडणार नाहीत. एखादा मजूर, एखादा खलाशी, एखादी निरक्षर आजी सापडेल. पण त्यांच्यावर कोणी एखादा शेरा मारून ठेवला असेल, तर तो तपासून पाहण्याचे काम तुमच्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही.